मास्तर घोडा व माझी इतर मिळकत यांबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा खोगिरे व चामड्याचे सामान शिवणे, राहणार घोडेस्वारीच्या शाळेमागच्या गल्लीतील शेवटचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कामाच्या टेबलाशी बसून लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती शाबूत नसती तर बरे झाले असते असे वाटणारे दिवस पुष्कळ आले, पण ती जागची हलली नाही. मला कोणी धमकावलेले नाही व फूसही लावलेली नाही. फूस लावण्याइतके माझ्याजवळ काही नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच.

वकीलसाहेबांनी नमुना दिला आहे, त्यात देह नश्वर असल्याचे एक लांबलचक वाक्य आहे. ते मी गाळले. डॉक्टरांनी माझ्या पोटाचे फोटो खिडकीच्या उजेडावर धरले तेव्हा हीच गोष्ट थोडक्यात सांगितली. "बाई, हिवाळा पुरा होईल असं मी म्हणणार नाही." आता हिवाळा तोंडावर आहे.

माझे कुटुंब येणेप्रमाणे. यजमान हयात आहेत, धंदा नालबंदी. गेली एकोणीस वर्षे ते परगावी आपल्या बहिणीकडे राहतात. आमचा काडीमोड झालेला नाही, भांडणही झालेले नाही. मला दोन मुली. मोठी शाळेत घोडेस्वारी शिकवत असे, ती बाविसाव्या वर्षी गेली. धाकटी शहरात नोकरीला आहे, सुखी आहे, निदान फोनवर तसे सांगते. याशिवाय एक घोडा आहे.

"मुद्द्याचं लिहा, बाई. कोणाला काय, एवढंच," असे वकीलसाहेब म्हणाले. मी तसा प्रयत्न करीन. पण चाळीस वर्षे दोन ओठांत दोरा धरून काम केलेल्या बाईजवळ बोलायचे बरेच साठलेले असते.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, कामाची खोली, मागचे अंगण व त्यातील तबेला, हे सर्व माझ्या पश्चात धाकटीच्या एकटीच्या मालकीचे होईल. कामाच्या खोलीचा पत्रा खिळ्यापाशी गळतो. तिथे डांबर लावून उपयोग नाही, खिळाच बदलावा लागेल. तिला घर विकायचे असल्यास खुशाल विकावे. मागच्या कुंपणालगतचा कोपरा मात्र खणू नये व घेणाऱ्यालाही तसे बजावावे. कारण कलम पाचमध्ये आहे.

कलम २. बँकेतली ठेव धाकटीची. पासबुक शिवणयंत्राच्या खणात आहे.

कलम ३. हत्यारे. चामडे कापायची अर्धगोल रापी, चामड्याला भोके पाडायच्या सात आऱ्या, गुडघ्यात धरायचा लाकडी चिमटा व शिवणयंत्र, हे सर्व बाजाराच्या तोंडाशी बसणाऱ्या चपला दुरुस्तीवाल्यास द्यावे. त्यांना सगळे हूंकाका म्हणतात, कारण कशालाही ते "हूं" एवढेच उत्तर देतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ही रापी दोन दिवसांसाठी नेली आणि परत आणली ती धार लावून. माझ्या रापीला न विचारता हात लावला म्हणून मी त्यांना भर बाजारात नाही नाही ते बोलले. ते "हूं" म्हणाले. पुढे चार वर्षे आमचे बोलणे नव्हते. धार माझ्यापेक्षा चांगली लागली होती, हेच मला झोंबले होते. हे त्यांना वाचून दाखवावे.

दुसऱ्या फळीवरची तपकिरी दोऱ्याची रिळे मात्र कोणालाही देऊ नयेत. ती जाळून टाकावीत.

कलम ४. घोडेस्वारीच्या शाळेचे मालक हे माझे धाकटे दीर. त्यांना माझ्या मिळकतीतून काही मिळू नये, त्यांना काही नकोही असेल. मोठी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरला बांधायच्या ठाणावरची त्याच्या नावाची पाटी स्वतःच्या हाताने उखडली आणि मला म्हणाले, "वहिनी, न्यायचा तर न्या. पण या फाटकातून तो परत आत येणार नाही." तो गेला नाही. मीही गेले नाही. आमची आणि शाळेची मागची भिंत एकच. पलीकडे घोडे फुरफुरले की अलीकडे हा कान टवकारून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, अगदी शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा. त्याबद्दल मी दिरांना एकोणीस वर्षे मनातल्या मनात शिव्या घातल्या. कलम सहा वाचल्यावर कळेल की त्यांचा त्यात दोष नव्हता. तेव्हा त्या सर्व शिव्या मी मागे घेते.

एक काम मात्र त्यांनी करायचे आहे. माझ्या हातची सहा खोगिरे शाळेत अजून वापरात आहेत. त्यांचे तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाऊन खोगीर जागेवर धरणारे पट्टे, सगळे कापून फेकून द्यावेत. शिवण चांगली दिसली तरी फेकावेत. नव्या तंगांसाठी लागणारे चामडे माझ्या कपाटात गुंडाळून ठेवले आहे, ते शाळेला द्यावे. हूंकाका शिवून देतील.

कलम ५. मास्तर. वय एकतीस. रंग एके काळी भुरा, आता पांढऱ्यातच जमा. उजव्या डोळ्याभोवती चष्म्यासारखे काळे कडे, म्हणून मोठीने हे नाव ठेवले. दुसरेही कारण होते. शिकाऊ स्वाराने लगाम चुकीचा ओढला की हा जागच्या जागी थांबायचा, मान वळवून त्याच्याकडे बघायचा आणि चूक सुधारल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. शाळेतल्या निम्म्या मुलांना मोठीने शिकवले आणि उरलेल्या निम्म्यांना याने, असे लोक म्हणत.

आता त्याला दाढा उरलेल्या नाहीत. कोंडा आणि गवताचा भुगा गरम पाण्यात खळीसारखा पातळ करून दिवसातून चार वेळा द्यावा लागतो. डावा डोळा गेला आहे. पुढचे दोन्ही खूर आतून दुखतात, गारठ्यात तो एका पायावरचा भार दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरचा पहिल्यावर असे करत तास तास काढतो. वेदनेची पूड गुळाच्या खड्यात दडवून दिली तर घेतो, आणि तीही माझ्या हातून. परका माणूस डावीकडून आला की आंधळ्या बाजूला काय आहे ते न कळून भिंतीवर आदळतो.

माझ्या पश्चात त्याचे काय, याचा मी सर्व बाजूंनी विचार केला आहे. दिरांनी कारकुनाकरवी निरोप धाडला होता, "वहिनींना म्हणावं काळजी करू नका, बघून घेऊ." त्या शाळेने बघून घेतलेले दोन घोडे मी ट्रकमध्ये चढताना पाहिले आहेत. त्यांच्या पाठीवर खडूने आकडे घातले होते.

धाकटीला फोन केला. ती आधी हसली. "आई, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. घोडा काय गॅलरीत बांधू?" मग मी काय ठरवले आहे ते सांगितले, तेव्हा तिचे हसणे थांबले.

"मारायचं त्याला?"

"झोपवायचं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई करतात ते."

"शब्द बदलून काय होतं, आई? ताईच्या वेळी सगळे मारा मारा म्हणत होते, तेव्हा तू एकटी आडवी आलीस. आणि आता तूच?"

तिने चार दिवस खटपट करून म्हाताऱ्या जनावरांचा एक आश्रम शोधला. ट्रकने दोन दिवसांची वाट. मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मावशी, चढताना चढेल तो. उतरणार नाही."

सबब मी असे ठरवले आहे की माझ्या मृत्यूनंतर तीन दिवसांच्या आत मास्तरला इंजेक्शन देऊन शांतपणे मरण द्यावे. हे काम डॉक्टरीणबाईंनीच करावे. त्यांनी मला सर्व समजावून सांगितले आहे. पहिल्या सुईने मान खाली जाते आणि गुंगी येते. दुसरी मानेच्या शिरेत. नंतर तो पडतो, आणि कोणत्या बाजूला पडेल ते सांगता येत नाही, म्हणून धरणाऱ्याने समोर न राहता खांद्यापाशी उभे राहावे. "तेव्हा त्याला ऐकू येतं का हो?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, मावशी. पण मी प्रत्येकाला सांगते की बोलत राहा."

मृतदेहाबाबत. औषध मांसात राहते. कुत्र्याने किंवा घारीने खाल्ले तर तेही मरतात, म्हणून देह उघड्यावर टाकता येत नाही व विहिरीजवळ पुरता येत नाही. मेलेली जनावरे उचलणारी गाडी फोन केल्यावर येते, पण ती मागच्या पायांना साखळी बांधून ओढत नेते. ते मला नको. कुंपणालगतच्या कोपऱ्यात पुरण्याची नगरपालिकेची लेखी परवानगी मी तीन हेलपाटे घालून मिळवली आहे, कागद पासबुकाखाली आहे. खड्डा दहा फूट लांब, सहा रुंद, नऊ खोल हवा, एका बाजूला उतार हवा. खड्डा आधी आणि घोडा नंतर, हा क्रम चुकवू नये. खड्ड्याच्या काठापर्यंत त्याला त्याच्या पायांनी चालत न्यावे. सकाळी खाणे झाल्यावर न्यावे, उपाशी नेऊ नये. आधी चारही नाल काढावेत. लोखंडासकट पुरू नये. इतकी वर्षे ते त्याने आमच्यासाठी घातले, आता गरज नाही.

मोहरकी, म्हणजे तोंडाची दोरी, धरणाऱ्याचे नाव येथे लिहायचे होते. माझ्याशिवाय तो कोणाजवळ उभा राहील हे मला सुचत नाही. जागा रिकामी सोडत आहे.

कलम ६. हे कलम मिळकतीबद्दल नाही. वकीलसाहेब म्हणतील की मग ते इथे कशाला. दुसरीकडे लिहायला मला जागा नाही.

मोठी गेली त्याच्या तीन आठवडे आधी ती मास्तरचा तंग घेऊन माझ्याकडे आली होती. "आई, शिवण उसवायला लागली आहे गं." मी एका कार्यालयाच्या चाळीस पिशव्यांचे काम घेतले होते. म्हटले, ठेव तिथे. आठवड्याने तिने विचारले, "झालं का?" म्हटले, होईल. तिसऱ्यांदा ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या उड्यांचा सराव आहे, आई." मी चिडले. तिच्यासमोर तंग ओढून घेतला आणि दहा मिनिटांत शिवून हातात दिला. दोरा तपकिरी, जुना, मेण न लावलेला. टाके जुन्याच भोकांतून घातले. जुनी भोके फाकलेली असली की चामडे कापून नवे जोडायचे असते. ज्याने आरी हातात धरली आहे तो पहिल्याच वर्षी हे शिकतो. माझे तेव्हा बाविसावे वर्ष होते धंद्यातले. मोठीच्या वयाइतके.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला काही लगाम पोचवायला गेले आणि कुंपणापाशी तिचा सराव बघत थांबले. तिसऱ्या अडथळ्यावर मास्तरने उडी घेतली, ती बरोबर घेतली. जमिनीवर टेकताना तंग सुटला. खोगीर त्याच्या पोटाखाली फिरले आणि मोठी त्याच्याबरोबर खाली गेली, एक पाय रिकिबीत अडकलेला. दुसरा घोडा असता तर जीव घेऊन पळाला असता. मास्तर थांबला. ती त्याच्या पुढच्या पायांत पडली होती आणि त्याने डावा पाय वर उचलून धरला होता. मी पळत मैदान ओलांडून पोचेपर्यंत तो तीन पायांवर उभा होता. इस्पितळात सांगितले की मान पडतानाच मोडली होती. म्हणजे त्याने पाय टेकवला असता तरी तिला काही फरक पडणार नव्हता. पण त्याने टेकवला नाही.

लोक धावत आले. कोणीतरी ओरडून विचारले, काय झालं. पहिले उत्तर माझ्या तोंडून गेले. मी म्हणाले, "घोडा उधळला."

ते वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण मागे घेतलेही नाही. लोक तिला उचलत असताना मी खोगीर सोडवून बाजूला केले, तंग पदराखाली घातला, आणि त्याच दुपारी घरी येऊन शेगडीत जाळला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यजमान शाळेची बंदूक घेऊन ठाणापाशी आले. मी मध्ये उभी राहिले.

"बाजूला हो."

"नाही."

"का?"

मी उत्तर दिले नाही. त्यांनी बंदूक बराच वेळ तशीच धरून ठेवली, मग भिंतीला टेकवली आणि निघून गेले. महिन्याभराने ते बहिणीकडे राहायला गेले. मुलीला मारणारा घोडा बायकोने घरात आणून बांधला, हे कोणत्या बापाला सोसेल, असे लोक म्हणाले. माझ्याबद्दल मात्र उलटे बोलू लागले. काय मोठं मन बाईचं. गल्लीतल्या बायका सुनांना माझा दाखला देत. एकदा कोणी वर्तमानपत्रासाठी फोटो काढायला आले, तोही मी काढू दिला. निरपराध जनावर माझ्या खोटेपणापायी मरू नये एवढ्यासाठी मी त्याला आणले होते, आणि ते कोणाला कळू नये म्हणून त्याच्यावर माया करणारी म्हणून मिरवले. माया नंतर बसली. ती खरी आहे. पण ती नंतरची आहे.

तरी या कलमान्वये मी जाहीर करते की मास्तर उधळला नव्हता. तो कधीच उधळला नाही. माझी शिवण उसवली. हे यजमानांना, धाकटीला व दिरांना वाचून दाखवावे, आणि त्यावर त्यांनी मला जे म्हणायचे ते म्हणावे. मी ऐकायला नसेन, एवढीच सोय मी स्वतःसाठी करून ठेवत आहे.

पुरवणी.

वरील मजकुरावर सही होण्यापूर्वीच त्यातील काही गोष्टी घडून गेल्या. वकीलसाहेब म्हणाले, सगळे नव्याने लिहा. माझ्या अंगात तेवढे त्राण नाही. कलम सहा तर मी पुन्हा लिहू शकणार नाही. म्हणून खाली जोडत आहे.

डॉक्टरीणबाईंनी कलम पाच वाचले आणि त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले. "मावशी, तुमच्यानंतर मी त्याला धरायला कोणाला सांगू? तो माझ्या अंगावर भिंतीसारखा येईल. तुम्ही आहात तोवरच करू." मी दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत थंडीचा कडाका पडला. पहाटे तो तबेल्यात आडवा झाला आणि सकाळी नऊपर्यंत त्याला उठता आले नाही. तिसऱ्या दिवशी मी हो म्हटले. सोमवार ठरला.

नाल काढायला शाळेचा माणूस बोलवायचा नव्हता. मी यजमानांना एकोणीस वर्षांत पहिले पत्र टाकले, दोन ओळींचे. मास्तरला सोमवारी सकाळी जाऊ द्यायचे ठरले आहे. नाल काढायला कोणी नाही.

ते रविवारी दुपारच्या गाडीने आले. खांद्यावर हत्यारांची तीच पिशवी, माझ्याच हातची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, उंबरा पायाने चाचपून आत आले. मी चहा ठेवला. ते म्हणाले, "साखर नको. बंद केली."

मग मी म्हणाले, "एक सांगायचं आहे. लिहून ठेवलं आहे, पण तुम्हाला वाचता यायचं नाही." आणि कलम सहा त्यांना वाचून दाखवले. ते कानस फडक्याने पुसत ऐकत होते.

"झालं?"

"झालं."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी घरी आलो तेव्हा घरात चामडं जळाल्याचा वास होता. तुला वाटलं, तापलेल्या नालांच्या धुरात जन्म गेलेल्या माणसाला काय कळतंय. खूर जळाल्याचा वास वेगळा असतो आणि चामड्याचा वेगळा."

"मग बंदूक कशाला आणलीत?"

"कोणावर तरी धरायची होती ना." त्यांनी कानस खाली ठेवली. "तू मध्ये आलीस तेव्हा वाटलं, आता बोलशील."

"तुम्ही विचारलंत का?"

"विचारलं होतं. 'का' म्हटलं होतं मी."

ते पुढे म्हणाले, "महिनाभर थांबलो. रोज वाटायचं, आज सांगेल. तू घोड्याला चारत होतीस. माझ्याकडे बघायचीच नाहीस. मग गेलो."

त्यांनी क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. एका शब्दाच्या उत्तरासाठी ते महिनाभर थांबले होते, आणि मी एकोणीस वर्षे असे धरून चालले की ते घोड्याचा राग धरून गेले.

सोमवारी मास्तरने खाणे सगळे खाल्ले. यजमान उजव्या बाजूने गेले, हात मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पायावर उतरवत. पाय मागण्याआधीच त्याने तो उचलून त्यांच्या मांडीवर दिला. डोळ्यांनी दिसत नसले तरी त्यांच्या बोटांना दिसते, चारही नाल खुराला ओरखडा न काढता निघाले. यंत्रवाल्याने खड्डा शनिवारीच खणला होता. तेव्हा त्याने विचारले होते, "टाकी बसवायची का, बाई?" मी हो म्हटले होते. सोमवारी घोड्याला काठाशी आणलेले बघून तो यंत्रावरून खाली उतरला. "टाकी म्हणाला होतात." मी म्हटले, "हो."

अंगण ओलांडायला मास्तरला बराच वेळ लागला. आम्ही घाई केली नाही. मी आंधळ्या बाजूला उभी राहिले आणि मोहरकी यजमानांच्या हातात दिली. तेव्हा कलम पाचमधील रिकाम्या जागी त्यांचे नाते लिहावे.

पहिल्या सुईनंतर त्याची मान खाली खाली आली आणि खालचा ओठ लोंबला. डॉक्टरीणबाईंनी मला खूण केली. मी त्याच्या कानापाशी म्हणाले, "तू उधळला नव्हतास." इतक्या वर्षांत हे मी त्याला एकदाही म्हटले नव्हते. घोड्याला काय कळणार, असे वाटायचे. त्याचा कान हलला, पण माशी बसली तरी कान हलतो. दुसरी सुई गेली. तो आधी गुडघ्यांवर आला, मग सगळाच कलला, आणि पायाखालची जमीन हादरलेली मला टाचांत कळली. डॉक्टरीणबाई बराच वेळ छातीला नळी लावून बसल्या. "झालं, मावशी," त्या म्हणाल्या. डोळा उघडाच होता, काळ्या कड्याचा. तो मिटत नाही, मी प्रयत्न केला.

यंत्राने त्याला उतारावरून आत सरकवले तेव्हा मान अंगाखाली दुमडली गेली. यजमान कोणाचे न ऐकता त्या खड्ड्यात उतरले, त्र्याहत्तर वर्षांचे, न दिसणारे. दोन्ही हातांनी मान ओढून सरळ केली, आयाळ एका बाजूला घेतली. मग यंत्रवाल्याने त्यांना हात धरून वर काढले. चुना घातला. माती घातली.

डॉक्टरीणबाई पेटी भरत असताना मी त्यांना म्हटले, "एखादी सुई मागे ठेवून जाता आली असती तर." त्यांनी पेटी बंद केली आणि माझा हात धरला. "मावशी, मला ते करता येत नाही."

"माहीत आहे," मी म्हटले. "विचारून पाहिलं."

धाकटीला दुसऱ्या दिवशी फोनवर सर्व सांगितले. तिला ते कागदावरून कळू देऊ नकोस, असे यजमान म्हणाले होते. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ताई..." फोन ठेवल्याचा आवाज आला. त्याला आज अकरा दिवस झाले. तिचा फोन नाही, माझा ती उचलत नाही. कलम एक व दोन यांत मी काही बदल करत नाही. घर घ्यायला आईशी बोलावे लागत नाही, तशी अट मी घातलेली नाही. तबेल्यात कोंड्याची दोन पोती शिल्लक आहेत, ती भिंतीवरून शाळेत द्यावीत. तिथे एखाद्याच्या दाढा जातच असतील.

माझ्या स्वतःच्या देहाबाबत मला काहीही सांगायचे नाही. जे सोपे पडेल ते करावे.

साक्षीदारांबाबत. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी सांगितले. डॉक्टरीणबाईंना मी काही द्यायचे मनात आणले होते, त्यांनी ते कानावर हात ठेवून नाकारले, म्हणून त्या एक झाल्या. दुसरे कोणी मिळेना. यजमान सोमवारी संध्याकाळच्या गाडीने जाणार होते. गाडी चुकली असे म्हणाले. गाडी रोज असते. ते कामाच्या खोलीत खाटेवर झोपतात आणि आम्ही दिवसातून पाचसहा वाक्ये बोलतो, बहुतेक औषधांच्या वेळांबद्दल.

आज लिहिता लिहिता मी त्यांना विचारले, "तुमच्या नावाने काय लिहू?"

त्यांनी विचार केला. "काही लिहिलंस तर सही चालणार नाही ना माझी?"

"नाही चालणार."

"मग नको लिहूस," ते म्हणाले. "सही करतो."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने नव्हे, पण पूर्ण समजून लिहिले आहे. यापूर्वी मी दुसरे कोणतेही केलेले नाही व यापुढे करण्याइतका वेळ नाही.

ठिकाण: कामाची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: एकोणतीस नोव्हेंबर, शनिवार, सकाळी अकरा

लिहून ठेवणारी: (सही) खोगिरे शिवणारी

आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार पहिली: (सही) जनावरांची डॉक्टर

साक्षीदार दुसरे: (सही) लिहून ठेवणारीचे यजमान, धंदा नालबंदी. दिसत नसल्यामुळे सही कुठे करायची ती जागा लिहून ठेवणारीने त्यांचा हात धरून दाखवली.